खुले म्हणजे कोणासाठी खुले? : फळ्यापासून पडद्यापर्यंतचा एक हिशेब

आजकाल शिक्षणावरच्या कुठल्याही चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता सगळे ऑनलाइन आहे, मोफत आहे, सगळ्यांसाठी खुले आहे." पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर आहेत, धड्यांचे व्हिडिओ दीक्षा ॲपवर आहेत, गोष्टींची पुस्तके संकेतस्थळांवर आहेत. मग वस्तीतली मुले मागे का, असा प्रश्न पुढे येतो आणि उत्तरही लगेच हजर असते. पालकांना आवड नाही, मुलांना गोडी नाही. दोष शेवटी ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याच पदरात.

या लेखात मला "खुले" या शब्दाचा इतिहास मांडायचा आहे. आपल्या समाजासाठी हा शब्द नवा नाही. शाळा खुल्या झाल्या, पाणवठे खुले झाले, आता पडदा खुला झाला. प्रत्येक वेळी कागदावर खुले होणे आणि शेवटच्या मुलाच्या हाती पडणे यांच्यामध्ये फार मोठे अंतर राहिले. ते अंतर कोणी कापले आणि कसे कापले, हे कळल्याशिवाय पहिली ते पाचवीच्या वर्गात ऑनलाइन साहित्याचे काय करायचे, हे कळणार नाही.

धारवाडचा मुलगा

१८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. सरकारने जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता की न्याय मुलाच्या बाजूने आहे हे खरे, पण एकासाठी किंवा थोड्यांसाठी शतकानुशतकांच्या समजुतींना हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल. म्हणजे न्याय तुझा, शाळा त्यांची!

प्रकरण वर गेले, विलायतेपर्यंत पोचले. १८५८ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की निव्वळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना भेदभाव न करता खुल्या राहतील. शाळेचे दार कायद्याने उघडले ते तेव्हा.

पुढे काय झाले? त्यानंतर जवळपास पाव शतकाने, १८८१-८२ मध्ये, मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत तीन लाखांहून अधिक मुले शिकत होती. त्यात अस्पृश्य मुलांची संख्या तीन हजारसुद्धा भरत नव्हती. कॉलेजात एकही नव्हता. हे आकडे बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात मांडले. सरकारने दार उघडले, पण त्या दारातून मुलाला आत नेऊन बसवण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही. "खुले" या शब्दाचा हा पहिला धडा.

जोतीरावांचा प्रश्न : शिकवणार कोण आणि काय?

याच सुमारास, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यांच्यामागे तेव्हा तीन दशकांहून अधिक काळाचा स्वतःचा अनुभव होता. १८४८ मध्ये भिडे वाड्यात सावित्रीमाईंसह काढलेली मुलींची शाळा, पुढे महार-मांग मुलांसाठीच्या शाळा, १८५५ मधली रात्रशाळा. त्याच शाळांमधली मुक्ता साळवे लहान वयातच मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो. संधी आणि शिक्षक दोन्ही मिळाले की आपले लेकरू काय करू शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

हंटर आयोगापुढचे निवेदन आज पुन्हा वाचले तर एक गोष्ट ठळक दिसते. जोतीराव फक्त शाळा मागत नव्हते. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. पण तिच्याबरोबर ते विचारत होते की शिकवणार कोण. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मिसळतील, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्यांना समजतील, असे त्यांचे म्हणणे होते. शिकवणार काय, हेही ते सांगत होते. मोडी-बालबोध वाचन, हिशेब, आरोग्य आणि खेड्यातल्या मुलाला शेतीचे प्राथमिक ज्ञान. पुणे शहरात महार-मांगांची वस्ती पाच हजारांवर असताना त्यांच्यासाठी एकच शाळा आहे आणि तिच्यात तीस मुलेसुद्धा नाहीत, हेही त्यांनी आयोगाला ऐकवले.

आज शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत "विविध गरजा असलेले विद्यार्थी" असा शब्दप्रयोग येतो आणि तो नवा शोध असल्यासारखा शिकवला जातो. सगळी मुले एकाच साच्यातून येत नाहीत, म्हणून शिक्षक आणि अभ्यासक्रम मुलाकडे जायला हवा, हे जोतीरावांनी १८८२ मध्येच सांगितले होते. ते ऐकले गेले नाही, इतकेच.

गोणपाट, नळ आणि फळा

साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमराव गोणपाटावर वेगळा बसत असे. ते गोणपाट रोज घरून आणायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. शाळेत नळ होता. इतर मुले तहान लागली की तोटी सोडून पाणी पीत. भीमरावाला शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. शिपाई नसेल तर पाणी नाही.

नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमरावांचा हात फळ्याला लागण्याआधी ते डबे बाजूला काढायला मुलांची धावपळ उडाली.

हे तीन प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांत अनेकदा ऐकतो. मला ते साधनांचा इतिहास म्हणून वाचावेसे वाटतात. सतरंजी, नळ, फळा ही शाळेची सामायिक साधने. ती वर्गात होती, सरकारी पैशाने आलेली होती आणि नियमाने सगळ्यांची होती. पण त्यांच्यापर्यंत पोचायला वर्गाच्या परवानगीची गरज होती. फळ्याला जात नव्हती, जात फळ्याभोवतीच्या माणसांना होती. आज "स्क्रीनला जात नसते" असे कोणी म्हणाले की मला तो फळा आठवतो. फळ्यालाही कुठे होती?

मार्च १९२७ : आठ दिवसांचे अंतर

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षण अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी १८ च चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि त्याच माणसाकडून दारूच्या उत्पन्नातून दोन रुपयांहून अधिक वसूल करते. मुलाला शाळेत घातले की काम संपले, असे मानणाऱ्या व्यवस्थेला हे उत्तर होते. किती मुले आली हे मोजू नका, किती टिकली ते मोजा.

त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर होते. ते तळे तेव्हा कायद्याने "खुले"च होते, हे विसरू नका. सी. के. बोले यांचा ठराव विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करणारा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे त्याप्रमाणे खुले केले. तरी तीन वर्षे तिथे आपला एकही माणूस पाणी पिऊ शकला नाही. लोक एकत्र येऊन चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा तो ठराव कागदावरून खाली उतरला. पुढे त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये ठराव मागे घेतला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. खुले केलेले बंदही करता येते, हा दुसरा धडा.

आणि तिसरा धडा बाबासाहेबांच्या कामात आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाली आणि १९२५ मध्ये तिने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. वाचनालयाचे कामही हाती घेतले. शाळा तर सरकारी होत्याच, मग वसतिगृह कशाला? कारण मुलाला शाळेपर्यंत न्यायला जेवण लागते, दिवा लागतो, अभ्यासाला जागा लागते आणि "बस, अभ्यास कर" म्हणणारे माणूस लागते. राजर्षी शाहू महाराजांनीही कोल्हापुरात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणासोबत वसतिगृहे उभी केली आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. संधीभोवती आधाराची भिंत बांधायची, ही आपल्या चळवळीची पद्धत आहे.

पडदा आला

पडद्यावरून शिकवण्याचा प्रयोग देशात मोठ्या प्रमाणावर १९७५-७६ मध्ये झाला. 'साइट' या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक दूरदर्शन संच बसवले गेले आणि सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम दाखवले गेले. संच कोणाच्या घरचा नव्हता, गावाचा होता. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ही सरकारी संस्था. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्राचे दीक्षा व्यासपीठ सुरू झाले. पडदा गावाच्या चावडीवरून घराच्या खिशात गेला. सामायिक साधन खाजगी झाले आणि या बदलाची किंमत कोण मोजणार, हे कोणी विचारले नाही.

ती किंमत २०२० मध्ये कळली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधला सगळा काळ व्हॉट्सॲपवर अभ्यास येत राहिला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५व्या फेरीनुसार देशात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे २४ टक्क्यांच्या आसपास होती, खेड्यांत तर १५ टक्के. 'असर' २०२१ च्या ग्रामीण पाहणीत शाळेत नाव असलेल्या सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन दिसला, पण त्यातल्याही चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जातो. शिपाई नसेल तर पाणी नाही.

आणि जात? २०२१ मध्ये १५ राज्ये-केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे १,४०० वंचित कुटुंबांतल्या मुलांची 'स्कूल' नावाची पाहणी झाली. त्यात गावांतली दलित-आदिवासी मुले नियमित ऑनलाइन शिकत होती फक्त ४ टक्के, तर इतर मुलांमध्ये हेच प्रमाण १५ टक्के होते. लक्षात घ्या, दोन्ही गट गरीबच होते. गरिबीच्या आतही जातीची पायरी शाबूत राहिली. १८५८ च्या "खुल्या" शाळांचा हिशेब आणि २०२१ च्या "खुल्या" पडद्याचा हिशेब शेजारी ठेवून बघा.

दोन आक्षेप

इथे दोन बाजूंनी आक्षेप येतील.

पहिला आक्षेप तंत्रज्ञानप्रेमींचा. आता डेटा स्वस्त झाला, प्रत्येक घरात फोन आला, प्रश्न मिटला. माझे उत्तर असे की फोन आल्याने शिक्षक आला असे होत नाही. आठ वर्षांच्या मुलाला व्हिडिओ सापडत नाही, सापडला तर त्यातली पुस्तकी मराठी कळत नाही, आणि कळली नाही हे विचारायला समोर कोणी नसते. घरात शिकलेली आई-बाप असलेल्या मुलाजवळ हा दुभाषा फुकट बसलेला असतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याजवळ नसतो. म्हणून नुसते साहित्य खुले केले तर ज्याच्याकडे आधीच होते त्यालाच जास्त मिळते.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. ऑनलाइन शिक्षण हा सरकारी शाळा बंद करण्याचा डाव आहे, त्याच्या नादी लागू नका. या भीतीला आधार आहे. २०१७ मध्ये राज्यात कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झालाच होता, आणि "मुले ऑनलाइन शिकतील" हे त्याचे समर्थन उद्या होऊ शकते. पण म्हणून साधनाकडे पाठ फिरवायची? चवदार तळे खुले करणारी नगरपालिका सवर्णांची होती, म्हणून बाबासाहेब तळ्यापासून दूर राहिले नाहीत. ज्या साधनावर आपला हक्क आहे ते आपण हाती घ्यायचे आणि आपल्या अटींवर वापरायचे.

हे होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातल्या जिल्हा परिषद शाळेने दिले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकले, आणि पुढे ती कल्पना राज्यभरच्या पुस्तकांत आली. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तेव्हा बातम्यांत क्यूआर कोडच गाजला. मला त्यापेक्षा मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून गुरुजी ती शिकले आणि पुस्तके मुलांच्या भाषेत आणली. आधी मूल ओळखले, मग यंत्र वापरले. जोतीरावांनी हंटर आयोगाला हेच सांगितले होते.

मग वर्गात काय करायचे?

एक. पडदा पुन्हा सामायिक करा. दीक्षावरचे धडे, ई-बालभारतीची पुस्तके शिक्षकाने आधीच उतरवून ठेवली तर वर्गात रेंज लागत नाही आणि मुलाच्या घरचा रिचार्जही लागत नाही. गृहपाठ म्हणून व्हिडिओची लिंक ग्रुपवर टाकणे म्हणजे गोणपाट घरून आणायला सांगणे आहे.

दोन. वर्गातली विविधता नावानिशी ओळखा. चौथीत बसलेल्या मुलाला दुसरीचे वाचन जमत नसेल तर त्याला दुसरीचे साहित्य द्या, लाज न देता. वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करा आणि ते दर महिन्याला बदला, म्हणजे "मागचा गट" कोणाचा कायमचा पत्ता होणार नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पातळीवार गोष्टी मोफत आहेत, त्या छापता येतात, आपल्या बोलीत भाषांतरही करता येतात. संतालीसारख्या आदिवासी भाषांतली पुस्तके तिथे आहेत, मग आपल्या पोरांच्या घरच्या बोलीतली का नसावीत? बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन आहेत. ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या मुलासाठी तो खजिना आहे.

तीन. अंध, कर्णबधिर, मतिमंद म्हणून बाजूला बसवलेली मुले विसरू नका. दलित घरातले अपंग मूल दोनदा वगळले जाते. दीक्षावर सांकेतिक भाषेतले व्हिडिओ आणि ऐकायची पुस्तके आहेत, 'सुगम्य पुस्तकालय' आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो त्यांचा अधिकार आहे.

चार. यंत्र कोणाच्या हातात असते ते बघा. टॅब नेहमी हुशार मुलगा चालवतो, मुली आणि वस्तीतली मुले मागून बघतात, असे चित्र दिसले तर समजा की फळ्यामागचे डबे अजून तिथेच आहेत.

पाच. शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक असायला हवेत, निम्म्या महिला असायला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. शाळेत टॅब किती आले, किती कपाटात बंद आहेत, वीजबिल कोण भरते, हे प्रश्न तिथे लेखी विचारता येतात. आपल्या समाजातले किती पालक तिथे जाऊन बोलतात?

सहा. विहारात अभ्यासिका हवी. आपल्या वस्त्यांत विहार आहेत, दर रविवारी वंदना होते. तिथे एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर, एक पेन ड्राइव्ह आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एक शिकलेला तरुण एवढे जमले तरी सोलापूरच्या त्या वसतिगृहाचे काम पुढे चालू राहील. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो खर्च होतो त्यात अशी अभ्यासिका उभी राहते, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. मात्र अभ्यासिका ही सरकारी शाळेला पर्याय नाही, जोड आहे. शाळा चालवणे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्यातून त्याला सुटका द्यायची नाही.

१८५८ मध्ये शाळा खुली झाली, १९२४ मध्ये तळे खुले झाले, २०१७ मध्ये पडदा खुला झाला. पहिल्या दोन वेळी खुले करणाऱ्यांनी काम संपले असे मानले. ते काम पुढे नेले ते शाळा काढणाऱ्या सावित्रीमाई-जोतीरावांनी, वसतिगृहे बांधणाऱ्या शाहू महाराजांनी आणि बाबासाहेबांनी, आणि तळ्याकडे चालत गेलेल्या हजारो अनाम माणसांनी. तिसऱ्या वेळी पाळी आपली आहे. आपल्या वस्तीतल्या तिसरीच्या मुलीला आज शाळेत पडद्यावर काय दिसले, तिला त्यातले काय कळले आणि काय नाही, हे उद्या तिला जाऊन विचारा. हिशेब तिथून सुरू होतो.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!